कोयंड्यांच्या घरचा कुकारो

लवू मेथरच्या अंगात माज असा एकच होता, आणि तो त्याच्या कानांत होता. खुबेजुव्यावरून कोणी हाक मारली की पलीकडे साखरवावच्या धक्क्यावर होडीत पाय पसरून बसलेला लवू मान न वळवता सांगायचा, “आडकराकडची काशी.” नाहीतर म्हणायचा, “गिरकराचो मधलो झील.” आणि होडी पलीकडे लागली की खरोखरच आडकरांकडचं नाहीतर गिरकरांकडचं माणूस पिशवी घेऊन उभं असायचं. बासष्ट वर्षांपैकी चव्वेचाळीस वर्षं तो या खाडीचा तारी होता. आधी वल्ह्याने, मग डिझेलवर, आणि आता सरकारने दिलेल्या, उन्हावर चालणाऱ्या मोटरवर त्याची होडी चालत होती. होड्या बदलल्या पण कान तेच राहिले, असं तो स्वतःच सांगायचा आणि कोणी न विचारता सांगायचा.

खुबेजुवा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं एक चिमुकलं बेट. त्यावर एकेचाळीस घरं. पूल तीनदा मंजूर झाला होता आणि तिन्ही वेळा फाइलीतच वाहून गेला होता. भरती असली की होडीने दहा मिनिटांचा रस्ता, पण ओहोटीला मधे नुसता चिखल उघडा पडतो आणि त्यात ना होडी चालत ना माणूस. दिवसातून दोनदा, चार-चार तास, बेट जगापासून तुटलेलं असतं. आठ वर्षांपूर्वी अशाच एका ओहोटीला लवूच्या बायकोच्या छातीत कळ आली होती. सुशीला धक्क्यावर पाण्याची वाट बघत बसली, आणि पाणी आलं तेव्हा ती नव्हती.

साल होतं दोन हजार एकेचाळीस. फोन बेटावरच्या प्रत्येकाच्या मनगटाला बांधलेला होता. तरी होडी बोलवायची ती कुकारो मारूनच. छातीत हवा भरून, तोंडाभोवती हात धरून मारलेली लांबलचक हाक म्हणजे कुकारो. प्रत्येक घराची चाल वेगळी. गिरकरांचा कुकारो तीन तुकड्यांत येतो, आडकरांचा शेवटी खाली कोसळतो, आणि कोयंड्यांचा खालून वर चढत जातो आणि वरच्या टोकाला पोचला की तिथेच सरळ उभा राहतो. नवी सून घरात आली की पहिल्या आठवड्यातच सासू तिला अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभी करून घरचा कुकारो शिकवते. तो तिला सासूसारखा हुबेहूब जमला की ती त्या घरची झाली.

यात आणखी एक मेख होती. ज्याला जायचंय त्याने स्वतः कुकारो मारायचा नाही. स्वतःसाठी होडी बोलावणं अशुभ, त्या होडीतून माणूस परत येत नाही, असं बेटावर पिढ्यान्‌पिढ्या मानत. म्हणून घरात जो मागे राहणार, तो गडग्यावरून हाक देतो आणि जाणारा निमूटपणे धक्क्याकडे चालू लागतो. लवूला रोज ऐकू यायची ती मागे राहिलेल्यांची हाक, आणि होडीत बसायचे ते दुसरेच.

डॉ. नसीमा सोलकर साखरवावच्या आरोग्य केंद्रात रुजू झाली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने हे कुकारे ऐकले आणि हातातला चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. ती रत्नागिरीकडची, मच्छीमारांच्या घरातली. बेटावरचे लोक दुखणं अंगावर काढतात हे तिला नवीन नव्हतं. खोकला झाला, धाप लागली, तरी एवढ्यासाठी कशाला खाडी ओलांडायची, असं म्हणत ते आडवे होईपर्यंत थांबायचे, आणि आडवे झाले की नेमकी ओहोटी असायची. डॉक्टर तिथे पोचत नाही ही अडचण होतीच, पण दुखण्याची बातमी डॉक्टरपर्यंत पोचत नाही ही त्याहून मोठी. आणि इथे तर अख्खं गाव रोज सकाळी आपली छाती तिच्या कानावर घालत होतं.

कारण आवाज म्हणजे तरी काय? फुप्फुसांतली हवा घशातल्या दोन नाजूक पडद्यांमधून बाहेर पडते आणि ते पडदे सेकंदाला दोन-तीनशे वेळा थरथरतात. हृदय थकलं की रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. मागे रक्त तुंबतं, त्यातलं पाणी फुप्फुसांत झिरपतं, घशातल्या पडद्यांनाही किंचित सूज येते. मग थरथर अनियमित होते, सूर टिकत नाही, श्वास लवकर संपतो. सुरुवातीला हा फरक इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला त्याचा पत्ता लागत नाही, पण यंत्राला लागतो.

असं यंत्र पुण्याच्या एका संस्थेत तयारही होतं. ते अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. माणूस रोज वेगळं बोलतो. कधी हळू, कधी चिडून, कधी तोंडात घास घेऊन. आजच्या आवाजाची कालच्या आवाजाशी तुलना करायची तर दोन्ही दिवशी त्याने तेच शब्द, त्याच जोराने, पूर्ण छाती भरून उच्चारायला हवेत. दवाखान्यात नळीत फुंकर मारायला सांगितली तर पेशंट अर्धीच मारतो. खुबेजुव्यावर मात्र तीच चाल, तीच जागा आणि पूर्ण दम, तेही रोज. नसीमाने संस्थेला पत्र लिहिलं आणि सहा महिन्यांत खाडीच्या दोन्ही काठांवर एकेक खांब उभा राहिला. वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज वजा करून त्यांवरचं यंत्र प्रत्येक कुकारो टिपायचं आणि त्या माणसाच्याच आधीच्या कुकाऱ्यांशी ताडून बघायचं. सगळं ठीक असलं तर नसीमाच्या फोनवर हिरवा ठिपका, काही बिघडत असलं तर पिवळा, आणि फारच बिघडलं तर लाल. बेटावरच्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘कान’.

पहिल्याच वर्षी कानाने गिरकरांच्या आजोबांचा न्यूमोनिया ताप चढायच्या आधीच ओळखला. काशी आडकरचा दमा पकडला. बेटाला त्याचं भलतंच कौतुक वाटू लागलं. माडी प्यायलेले पुरुष कानाला कळू नये म्हणून दोन दिवस बायकोला कुकारो मारायला लावू लागले, ते सोडा.

लवूला मात्र सुरुवातीला हा कान सवतीसारखा वाटला होता. त्याची समजूत निघाली ती यादी करायच्या वेळी. यंत्र आवाज वेगळे काढू शकत होतं, पण कोणता आवाज कोणाचा हे त्याला कोण सांगणार? नसीमाने लवूला बोलावलं. आठ दिवस तो केंद्रात खुर्चीवर बसून कुकारे ऐकत होता आणि ऐटीत नावं सांगत होता. नसीमाने त्यातली वीस-पंचवीस नावं घरी जाऊन पडताळून पाहिली. सगळी बरोबर निघाली.

एका ठिकाणी यंत्र अडलं. कोयंड्यांच्या घरचे कुकारे त्याने दोन गटांत टाकले होते.

“काका, हे दोन वेगळे आवाज आहेत असं दिसतंय,” नसीमा म्हणाली.

लवूने दोन्ही ऐकले आणि हात झटकला. “दोन खंयचे? एकच. मालन. सकाळची चाय पिवच्या आदी मारता तो हो, आणि चाय पिवन मारता तो दुसरो.”

“पण यंत्र म्हणतंय...”

“बाई, यंत्र काल इला. मी चव्वेचाळीस वर्सां ऐकतंय.”

नसीमाने दोन्ही गट एक केले आणि वर नाव लिहिलं, मालन कोयंडे, वय बासष्ट.

मालन म्हणजे लवूची विहीण. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलेली, त्यामुळे व्याही झाले तरी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायला काही जमलं नाही. लवूची एकुलती एक मुलगी ऊर्मिला तीन वर्षांपूर्वी कोयंड्यांच्या घरात सून म्हणून गेली होती. मेथरांच्या घरातून कोणाला कुकारो मारायची गरजच नव्हती, होडीच घरची. त्यामुळे ऊर्मिला कुकारो शिकली ती सासरी, मालनकडून. नवरा मोठ्या बोटीवर, महिना-महिना समुद्रात. सासरा बाबी रोज सकाळी कालवं घेऊन साखरवावच्या बाजारात जायचा. होडीत बसताच तो तोंडात तंबाखू टाकायचा, की पलीकडच्या काठापर्यंत त्याच्याकडून शब्द फुटायचा नाही. आणि साडेतीन महिन्यांपूर्वी ऊर्मिलाला मुलगी झाली होती. लवू आठवड्यातून तीनदा नातीला बघायला जायचा. लेक दमलेली दिसायची. तान्ह्या पोराची आई दमणार नाही तर काय, असं म्हणून तो नातीकडे वळायचा.

आणि मग एके दिवशी नसीमाच्या फोनवर पिवळा ठिपका उमटला. मालन कोयंडे, हृदयाचा संशय.

पहिल्यांदा मालन हसत हसत जिल्ह्याच्या गावी गेली. सगळ्या तपासण्या झाल्या. “कुकारो मारताना धाप लागते का?” असं नसीमाने विचारलं, तेव्हा तिला तो अपमानच वाटला होता. “माका धाप? माझ्या कुकाऱ्यान अजून साखरवावची म्हस दावा तोडता!” काळीज ठणठणीत निघालं. आईस्क्रीम खाऊन आणि हिरव्या बांगड्या भरून ती परत आली आणि गावभर सांगत सुटली, “डॉक्टर म्हणालो, आजये, तुझा काळीज पंचवीस वर्सांच्या चेडवाचा असा!”

दहा दिवसांनी पुन्हा पिवळा. पुन्हा तपासणी, पुन्हा सगळं ठीक. आता गाव कानाला हसू लागलं. कान बहिरा झाला, कान म्हातारा झाला, असं चाललं. पुण्याहून निरोप आला, की या नोंदी बिघडलेल्या दिसतात, आणखी एकदा असं झालं तर या घराचं लक्ष ठेवणं बंद करा.

नसीमा दर मंगळवारी बेटावर उपकेंद्राच्या खोलीत पेशंट तपासायला बसायची. त्या मंगळवारी तिसऱ्यांदा ठिपका आला, आणि या वेळी तो नारिंगीकडे झुकला होता. तिने लवूला आत बोलावून दोन कुकारे ऐकवले. एक चार महिन्यांपूर्वीचा, एक आज सकाळचा. लवूने बोटांवर मोजलं. जुना बारा मोजेपर्यंत टिकला. आजचा सातावर तुटला, मधे एक चोरटा श्वास, आणि मग उरलेला तुकडा.

लवूचा चेहरा उतरला. चाल तर कोयंड्यांचीच होती, पण वरच्या टोकाला तो सूर उभाच राहत नव्हता.

“मालनकाकू येणार नाही म्हणतात,” नसीमा म्हणाली. “काका, तुमचं ऐकतील त्या. तपासण्या काही म्हणोत, या आवाजामागे काहीतरी आहे. मला खात्री आहे. तुम्ही समजवा.”

“आणतंय तिका. उचलून आणतंय,” लवू म्हणाला आणि तडक निघाला.

ऊन चांगलंच वर आलं होतं आणि ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता. कोयंड्यांच्या अंगणात मालनने सुंगटं, म्हणजे बारकी कोलंबी, सुकत घातली होती. तिच्या एका खांद्यावर झोपलेली नात, दुसऱ्या हातात काठी, आणि ती कावळ्यांच्या कुळाचा उद्धार करत होती. “हाऽऽड! हाऽऽऽड मेल्यांनू!” तो हाकारा अंगणावरून, माडांवरून, चिखलावरून पार खाडीच्या मध्यापर्यंत गेला. मधे कुठे श्वास नाही, कुठे कंप नाही. खांद्यावरची पोर इतकी सरावलेली, की ती जागीही झाली नाही.

लवू गडग्याजवळच थबकला. हा घसा आजारी माणसाचा नव्हता. हे सांगायला त्याला यंत्र नको होतं.

“मालन,” तो म्हणाला, “वायच कुकारो मार बघया.”

“आता? कोणाक जावचा नाय, येवचा नाय, उगीच कित्याक?”

“मार गो.”

त्याचा चेहरा बघून तिने पोर त्याच्याकडे दिली, हात तोंडाभोवती धरले आणि कुकारो मारला. लवू मोजत राहिला. अकरा, बारा, तेरा. सूर वर चढला आणि तिथेच उभा राहिला.

“झाला समाधान? तुझ्या डॉक्टरणीक सांग जावन.”

“मालन, आज सकाळी कुकारो कोणी मारलो?”

“कोणी म्हंजे? ऊर्मीन. चेडू झाल्यापासून तीच मारता. मी पाळण्याकडसून उठतंय खंय?”

लवूच्या हातातली पोर चुळबुळली. “मगे माका सांगलंस कित्या नाय?”

“तू इचारलंस खंय?” मालन म्हणाली. आणि तिच्या लक्षात यायला लागलं तसा तिचाही आवाज खाली आला. “लवू, काय झाला?”

इतक्यात विहिरीकडून ऊर्मिला आली. पूर्वी ती डोईवर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे आणायची. आज हातात छोटी कळशी होती, आणि तीही तिने वाटेत दोनदा खाली ठेवली. पडवीच्या खांबाला धरून ती उभी राहिली आणि हसली. “बाबा, कधी इलास?” हे तीन शब्द बोलायला तिला दोन श्वास लागले. लवू तिच्या पावलांकडे बघत होता. पैंजण नव्हते. घोट्यांशी कातडी तकतकीत, फुगलेली.

“पैंजण खंय?”

“बसनत नाय हल्ली.”

“झोपतंस कशी?”

“भिंतीक टेकान. आडवी झालंय की कोंडता.” ती ओशाळून म्हणाली. “चेडू सारखा उठता, मगे बसानच बरा.”

“कोणाक सांगलंस नाय?”

“सांगूचा काय तेच्यात? बाळंतपणात सगळ्यांकाच होता म्हणतत.”

पोर मालनच्या हातात देऊन लवू परत उपकेंद्राकडे गेला तो जवळजवळ धावतच. खोलीत सहाजण बसले होते. सगळ्यांच्या देखत तो दारात उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षांत जे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, ते त्याने एका दमात उच्चारलं.

“बाई, मी चुकलंय. तो कुकारो मालनचो नाय. माझ्या ऊर्मीचो असा. यंत्र दोन म्हणी होता, मी एक केलंय.”

नसीमाने त्याला दोष दिला नाही. ती बॅग उचलून निघालीच होती.

खिशात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र तिने ऊर्मिलाच्या छातीवर ठेवलं आणि पडद्यावर हृदय दिसू लागलं. ते मोठं झालं होतं, सैल पडलं होतं, आणि एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर फेकायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं फेकत होतं. बाळंतपणाच्या आगेमागे काही बायकांचं हृदय असं अचानक दुबळं होतं, नसीमाने सगळ्यांना समजेल असं सांगितलं. का होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. लक्षणं सगळी बाळंतिणीच्या थकव्यासारखी, म्हणून कोणाला संशय येत नाही. संशय येतो तेव्हा बाई धाप लागून कोसळलेली असते. पण वेळेवर सापडलं तर बहुतेकींचं हृदय औषधांनी पुन्हा सावरतं.

“आणि ही वेळेवर सापडली?” मालनने विचारलं. बोलताना तिच्याही नकळत ती शहरी मराठीत शिरली होती.

“सापडली. अजून महिनाभराने नसती सापडली.” नसीमाने शरीरातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि मनगटावरच्या फोनवरून पलीकडे अँब्युलन्स सांगितली. “काका, पाणी कधी चढेल?”

“तीन तासांनी,” लवू म्हणाला. पुन्हा तोच चिखल, तोच धक्का.

“चालेल. घाई नाही. तीन तास आहेत आपल्याकडे.”

घाई नाही. त्या बेटावर, ओहोटीच्या वेळी, डॉक्टरच्या तोंडून हे शब्द कोणी ऐकले नव्हते. लवू पडवीच्या पायरीवर बसला आणि रडला. अगदी उघडपणे, हातात तोंड घेऊन. सुशीलेसाठी आठ वर्षांत जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्यात होतं. कोणी त्याला उठवायला गेलं नाही. आत ऊर्मिला उशांना टेकून पोरीला जवळ घेऊन बसली होती. इंजेक्शनचा गुण येऊ लागला तसा तिचा श्वास जरा मोकळा झाला आणि ती म्हणाली, “भूक लागली हा.”

मालनने तिला पेज दिली आणि मग ती लवूशेजारी येऊन बसली.

“मी शिकवलंय तिका,” ती म्हणाली. “आठ दिवस ह्या गडग्यार उभी करून. जरा इकडे-तिकडे झाला की परत मारूक लावी. असो शिकवलंय, की बापसाकसुद्धा कळाक नाय.”

“तुझो काय दोष तेच्यात?”

“मगे कोणाचो?”

“माझो. यंत्रान माका इचारल्यान. माझ्या मिजाशीन मी...”

“दोघांचो,” मालन म्हणाली आणि नाक पुसून उठली. “ऊठ. होडी साफ कर. माझी सून काय कालवांच्या पाटीवर बसतली?”

पाणी चढलं तेव्हा होडीत स्वच्छ धुतलेली चटई होती, दोन उशा होत्या, ऊर्मिला, तिची मुलगी, नसीमा आणि आपणहून निघालेली मालन होती. लवूने होडी इतकी सावकाश चालवली की नसीमाला सांगावं लागलं, “काका, थोडी घाई आहे बरं का.”

ऊर्मिला नऊ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. ती परतली ती पिशवीभर गोळ्या, मिठाची बंदी आणि नसीमाची सक्त ताकीद घेऊन, की मी सांगेपर्यंत हंडा नाही आणि कुकारोही नाही. नवरा बोट सोडून दोन महिने घरी राहिला आणि पोरीचे लंगोट धुऊ लागला. यावरही गाव हसलं, पण त्या हसण्यात मत्सर जास्त होता.

मग लवू पुन्हा आठ दिवस त्या खुर्चीवर बसला. यंत्राने सगळे गट नव्याने पाडले होते. या वेळी तो प्रत्येक कुकारो डोळे मिटून, दोन-तीनदा ऐकायचा, आणि नक्की कळलं नाही तर म्हणायचा, “माका ठावक नाय.” पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. अकराव्यांदा म्हणेपर्यंत सवय झाली. नसीमा त्या अकरा घरी जाऊन आली. अकराही ठिकाणी सुना निघाल्या. सगळ्यांचे आवाज वर्षभर सासूच्या नावावर जमा होत होते, त्यांची नावं यादीत कुठेच नव्हती.

नसीमाने सुचवलं, की प्रत्येकीने आपापला कुकारो करावा, म्हणजे घोटाळाच नको. यावर बेटावरची म्हातारी माणसं खवळली. घराची चाल मोडायची म्हणजे काय? उद्या आडनावंही बदला म्हणाल! धक्क्यावर बरीच बाचाबाची झाली. शेवटी मालन उठली. जिच्या कुकाऱ्याला बेटावर तोड नाही अशी बाई बोलायला उठल्यावर बाकीचे गप्प झाले.

“चाल मोडली तर मोडूक दे,” ती म्हणाली. “माका सून व्हयी, माझो आवाज नको.”

दुसऱ्या दिवसापासून बेटावरच्या सुनांनी आपापल्या चाली बसवायला घेतल्या.

पाच महिने गेले. थंडीची एक सकाळ होती. साखरवावच्या धक्क्यावर, बाजार आटपून परतायला, होडीत काशी आडकर, बाबी कोयंडे आणि आणखी तीन-चारजण बसले होते. नसीमा केंद्राच्या पायरीवर चहा घेत होती. तेवढ्यात पलीकडून कुकारो आला.

तो खालून चढला नाही. वरूनच सुरू झाला, थोडा खाली आला, तिथे जरासा हेलकावला, आणि मग सरळ निघाला तो संपेचना. लवूने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वळवून बेटाकडे पाहिलं. त्याची बोटं आपोआप मोजत होती. बारा, तेरा, चौदा.

“काय रे लवू,” काशीने डिवचलं, “कोणाचो?”

“माका नाय कळलो.”

होडीत हशा पिकला. बाबी कोयंड्याने तर चक्क तंबाखू थुंकली आणि तोंड उघडलं. “आमच्याकडचो,” तो म्हणाला.

नसीमा पायऱ्या उतरून आली आणि तिने मनगटावरचा फोन काढून लवूपुढे धरला. ठिपका हिरवागार होता. त्याखाली नाव होतं, पण लवूचा चष्मा घरी होता. त्याने फोन लांब धरला, जवळ धरला, आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. ऊर्मिला कोयंडे.

मग त्याने कोणाकडेही न बघता मोटर पूर्ण वेगाने सुरू केली. होडी जागच्या जागी घुसळू लागली, पाणी उडून सगळे भिजले आणि काशी ओरडली, “अरे लवू, दोरी सोड आधी!”